शी म्हणजे नक्की कोण?

सुनेनं चाळिशीत दहावीला बसायचं ठरवलं. गणित जमलं, इतिहास जमला. इंग्रजीत मात्र डायरेक्टचं इनडायरेक्ट करताना तिची गाडी हटकून अडे. 'आय'चं 'शी' करा, 'इज'चं 'वॉज' करा, डोक्याचा नुसता भुगा!

त्यात शिवणाच्या खोलीत वेगळाच ताप. सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे काकू, तीस वर्षं शेजारी-शेजारी मशिनवर बसत. पण एका कोटाच्या बाह्या आखूड झाल्या, माप कोणी चुकवलं यावरून खटका उडाला आणि दोघींनी अबोला धरला. आठवडाभर सगळे निरोप सुनेमार्फत.

"तिला सांग, कात्री दे म्हणावं."

"तिला सांग, माझं झालं की देईन."

काजं करता करता सुनेच्या डोक्यात उजेड पडला. अरेच्चा, एकीचं बोलणं दुसरीला सांगायचं, हाच तर अभ्यास! तिनं वही पुढ्यात ओढली आणि दोघींची वाक्यं इंग्रजीत उतरवू लागली.

दुपारी सासूबाई फणकारल्या, "ती चुकली, एवढं खरं!" काकूंच्या मशिनच्या खडखडाटात ते विरून गेलं. मशिन थांबलं, आणि सुनेनं लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, "शी सेड दॅट शी वॉज राँग."

काकू आठवीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या. त्या ताडकन उठल्या. "ताई! एवढ्या मोठ्या तुम्ही, अन् चूक स्वतःवर घेतलीत? अहो, टेप मीच उलटा धरला होता. कबूल करायला जीभ रेटत नव्हती हो!" आणि त्यांनी सासूबाईंना मिठीच मारली.

सासूबाईंनी आ वासला. सून चाचरली, "काकू, त्यातली दुसरी 'शी' म्हणजे..."

"गप गं," काकूंच्या खांद्यावरून सासूबाईंनी डोळे वटारले. "तुझं इंग्रजी अगदी बरोबर आहे."

दोन दिवसांनी शिकवणीच्या बाईंनी त्या वाक्याखाली लाल शेरा मारला : 'शी म्हणजे नक्की कोण?' वही काकूंच्या हाती लागली. त्यांनी शेरा वाचला, सुनेकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि हसता हसता कापडाच्या गठ्ठ्यावरच बसल्या.

"म्हणजे मी फुकटची कबूल झाले!"

"झालीस ना? आता माघार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनाही हसू आवरेना. सुनेनं ते लिहून घ्यायला पेन उचललं, तशा दोघी एकदमच ओरडल्या, "हे नको लिहूस!"