दुधाच्या गुंडीची अपुरी परीक्षा

मित्रांनो, मी एक जुनी गुंडी, म्हणजे कोटाचे बटण. जन्माने दूध, संस्काराने प्लास्टिक. नासलेल्या दुधाचा चोथा धुऊन, वाळवून, दाबून फॉर्मलिनमध्ये मुरवला की माझ्यासारखी हस्तिदंती, गुळगुळीत वस्तू तयार होते. ग्वाल्हेरच्या कंपू भागातील एका लहानशा सरकारी प्रयोगशाळेत शरयूताईंनी मला घडवले, तेव्हा संस्थान नुकतेच विलीन झाले होते. राज्ये विरघळू शकतात, हे त्या वर्षी सर्वांना पटले. प्लास्टिकही विरघळावे, ही ताईंची इच्छा मात्र विक्षिप्त ठरली.

ताईंचे कुतूहल एवढेच होते: वापर संपल्यावर माती मला किती काळात खाईल? माझ्या काही बहिणी त्यांनी एका कुंडीत पुरल्या होत्या. दर महिन्याला त्या एक गुंडी उकरून भिंगाखाली धरीत. तिची कड खडबडीत झालेली दिसली की ताईंचे डोळे चमकत.

आम्ही बाकीच्या ताईंच्या वडिलांच्या, तात्यासाहेबांच्या, पांढऱ्या सुती कोटावर बसलो. त्यांची दरबारी नोकरी गेली होती, सोवळे शाबूत होते.

"हाडाशिंगाची बटणं लावून देवापुढं कसं बसायचं? ही दुधाची, ही चालतील," ते म्हणाले.

पुढे कोणती प्रयोगशाळा ठेवायची आणि कोणती मिटवायची, हे ठरवायला नव्या सरकारचे एक साहेब आले. रोजच्या वापरातल्या गुंड्या दाखवाव्यात म्हणून ताईंनी वडिलांना तोच कोट घालून बोलावले होते. माझा टाका तुटल्यामुळे मी तेवढी ताईंच्या डबीत होते. तात्यासाहेबांनी साहेबांच्या मानार्थ कोट सोड्याच्या उकळत्या पाण्यात घरीच धुववून घेतला. परिटाचा हात लागता तर सोवळे मोडते ना! माझ्या बहिणी फुगून, मऊ होऊन साहेबांसमोर आल्या.

"तात्या, कोट उकळलात तुम्ही?"

"शुद्ध वस्तू आणखी शुद्ध केली. त्यात काय बिघडलं?"

साहेब हसले. "बहनजी, ये बटन हैं या पेड़े?"

ताईंनी कुंडी पुढे केली. "उबालने के लिए नहीं बने, साहब. मिट्टी में देखिए, आधे गल चुके हैं. पूरे कब गलेंगे, बस इतना देखना बाकी है."

"जो गल जाए, वो सरकार के किस काम का?"

प्रयोगशाळा मिटली. सामान हलवताना कुणीतरी कुंडी गटारात ओतली, प्रश्नासकट.

टिकाऊपणाचा विजय झाला. नया बाजारच्या नाल्यातील पिशव्या आता इतक्या टिकाऊ आहेत की पाण्यालाही पुढे सरकायची परवानगी नाही. दरम्यान विद्वान मंडळी मका, ऊस आणि जिवाणू यांपासून कुजणाऱ्या पिशव्या नि अंगातच विरघळणारे शस्त्रक्रियेचे टाके बनवू लागली आहेत. आपला प्रश्न अगदी नवा आहे, असे त्यांतल्या काहींना वाटते. वाटू द्या.

मी दर्पण कॉलनीत, ताईंच्या नातीच्या कपाटात, कापसावर आहे. सगळे मला फार जपतात. मित्रांनो, वस्तू जपून ठेवा असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. माझी विनंती उलटी आहे. मला कुंडीतल्या मातीत पुरा, वर पाणी घाला आणि दर महिन्याला उकरून पाहा. ज्या दिवशी मी सापडणार नाही, तो दिवस तेवढा लिहून ठेवा. ताईंचा प्रयोग त्या दिवशी पूर्ण होईल.