घोडीला विचार

शिवणयंत्राच्या तेलाची रिकामी कुपी. सात चकत्या, भांड्यांसारख्या घासलेल्या. उन्हात ओढलेली खुर्ची. कुंपणाची मोडकी फळी. बाबांचा डावा कान.

कुशल न्यूझीलंडमधल्या टौरंगाबाहेरच्या किवीफ्रूटच्या बागांमधले ससे मारायचा. सकाळचा फेरा संपवून घरी आला तेव्हा अंगात त्राण नव्हतं. बंदुकीच्या आवाजाने शेजारच्या पॅडकमधली, म्हणजे कुंपण घातलेल्या कुरणातली घोडी दुसऱ्यांदा कुंपण तोडून उधळली होती. बागमालकाने सांगून टाकलं होतं: संध्याकाळी एकदा बघू, घोडी बिथरली तर दुसरा माणूस.

दोष सप्रेसरचा. नळीच्या तोंडावर बसवायचं ते आवाज गिळणारं नळकांडं काजळीने गच्च भरलं होतं, आणि कुशल आठ महिने 'उद्या साफ करू' म्हणत होता. त्याने बंदूक कपाटात कुलूपबंद केली, सुटा सप्रेसर कपडे धुण्याच्या खोलीत ठेवला आणि आडवा झाला.

दुपारी उठून बघतो तर नळकांडं लखलखत होतं. त्याचे बाबा, चंद्रशेखर, भांड्यांचे रबरी हातमोजे काढत होते.

"काय रे हा उकिरडा! आमच्या कारखान्यात मेमो मिळाला असता तुला."

कुशलने ते उचललं. तेलाचा ओघळ थेट कोपरापर्यंत आला.

"बाबा, आत तेल घातलंत?"

"मग? कोरडं ठेवलं की गंज धरतो."

"आत नाही घालायचं हो! आट्यांना बोटभर ग्रीस, बस. आत तेल राहिलं तर धूर होतो, पहिली गोळी भलतीकडेच जाते." मग तोंडातल्या तोंडात, "कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

हे बाबांच्या डाव्या, ऐकू न येणाऱ्या कानाच्या बाजूने गेलं. बाबा फडक्याची घडी घालत राहिले. कुशलला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली.

सगळं पुन्हा उघडलं. पुसलं. चंद्रशेखर खुर्ची ओढून नळकांड्याच्या आतल्या चकत्या उन्हात घालून बसले, पापड उलटावेत तशा उलटत. चारला एकेक चकती कुशलच्या हातात देत गेले. शेवटी ग्रीसचं बोट आट्यांवरून फिरवलं.

"बोटभर. बघून घे."

संध्याकाळी कुशल निघाला तर बाबा आधीच गाडीत, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून. बागेत त्याने त्यांना आपल्या मागे, गाडीपाशी उभं केलं. चढाच्या पायथ्याशी ससा होता.

थप्. नळीच्या तोंडाशी चिमूटभर पांढरा धूर. ससा ठणठणीत पळाला.

घोडीने मान वर केली. मग तिने शेपटी झटकली आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

तो बाबांच्या उजव्या बाजूला आला. "आवाज आला?"

"अजिबात नाही!"

"तुमची साक्ष कोण मानणार?"

"मग घोडीला विचार."

चंद्रशेखर बत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात चाचणीच्या गोळ्या झाडायचे. पहिली नऊ वर्षं कानात घालायला कापूससुद्धा मिळाला नव्हता.