हेझलने आग पाडली

ॲल्विन टीसडेलने इंजिन देऊन टाकायचं ठरवलं, तेव्हा घरात थोडी तरी रडारड होईल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्याची बायको ऑड्री ताटल्या धूत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "दे की. पण त्याच्यावर माझं नाव आहे, ते आधी खरवडून काढ. परक्या माणसाच्या परसात शिट्ट्या मारत फिरायची माझी अजिबात इच्छा नाही."

त्यांची मुलगी हेझल नऊ वर्षांची होती. तिची खुर्ची मागे सरकली आणि जिन्यावर पावलं वाजली. ॲल्विनला आता माणसांचा राग-लोभ असाच कळायचा, खुर्च्यांवरून आणि पावलांवरून.

शिल्डन गावातल्या, रेल्वेच्या मालवाहू वाघिणी बांधायच्या कारखान्यात तो फिटर होता. घरामागच्या लाकडी खोपटात सात हिवाळे खपून त्याने हे इंजिन घडवलं होतं. मोठ्या कुत्र्याएवढं, हिरव्या रंगाचं. खेळणं म्हणावं तर त्यात खरा कोळसा जळायचा, खरं पाणी उकळायचं आणि तीन माणसं ओढून नेईल एवढी खरी वाफ व्हायची. खोपटातून निघून परसाच्या कडेकडेने, गुडघाभर उंचीच्या सिमेंटच्या खांबांवर त्याने रूळ टाकले होते. इंजिनामागे चाकांचं एक बाकडं जोडायचं, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, आणि रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीच्या वाफ्याला वळसा घालून, वाळत घातलेल्या चादरींखालून डोकं वाकवत फेऱ्या मारायच्या. इंजिनावर पितळेच्या पट्टीत 'ऑड्री' असं नाव होतं. ऑड्री म्हणायची, "नाव माझं, आणि रविवार सगळा त्या इंजिनाचा."

मग साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले. आधी डाव्या डोळ्यात काळे धागे तरंगायला लागले, मग उजव्यात. दवाखान्यात जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. वयाच्या चाळिशीत ॲल्विन घरी बसला. रेडिओ ऐकायचा, बटाटे सोलायचा, बोटांनी चाचपून घरातली घड्याळं दुरुस्त करायचा. एक गोष्ट मात्र तो कधीच करत नसे. समोर काय आहे, हे तो कुणालाही विचारत नसे. चहाचा कप सापडला नाही तर तहानलेला बसायचा. इंजिनावर ताडपत्री टाकून त्याला दोन वर्षं होत आली होती.

डार्लिंग्टनच्या इंजिनवाल्यांच्या मंडळात त्याचा जुना दोस्त होता, नॉर्मन सोवरबी. रविवारी दुपारी तो गाडी घेऊन येणार होता. मंडळाच्या बागेत पोरांना फेऱ्या मारायला इंजिन कामी येईल, गंजण्यापेक्षा ते बरं, असं ॲल्विनने फोनवर सांगितलं होतं.

रविवारी सकाळी तो खोपटात गेला तर ताडपत्री खाली पडलेली. हेझल तिथे आधीच होती.

"काय करतेयस गं?"

"पुसतेय. जायच्या आधी एकदा पेटवू या ना, बाबा."

"कसं पेटवणार? काट्यावर दाब किती, नळीत पाणी किती, हे बघायला डोळे लागतात."

"माझे आहेत ना," हेझल म्हणाली. जणू कुणाला रुमाल हवा होता आणि तिच्या खिशात तो होता.

ॲल्विनला नकार सुचला नाही. खरं सांगायचं तर त्याला तो सुचायला नकोच होता.

त्याने तिला एकेक भाग हातात देऊन शिकवला. ही काचेची नळी. बॉयलरमध्ये पाणी जिथवर आहे तिथवर हिच्यात रेघ दिसते. रेघ दिसेनाशी होऊ द्यायची नाही. हा दाबाचा काटा. हा पंप, चाकांबरोबर आपोआप चालतो आणि टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलतो. ही छोटी तोटी उघडी असली तर पंपाचं पाणी परत टाकीतच पडतं, बंद केली की बॉयलरमध्ये जातं. शेवटी त्याने तिची बोटं भट्टीच्या खाली नेली.

"ही खीळ. ही ओढली की कोळशाखालची जाळी खाली पडते आणि सगळी आग जमिनीवर. हिला मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

रॉकेलमध्ये भिजवलेला लोणारी कोळसा पेटला. धुराड्यावर बसवलेला छोटा पंखा घुरघुरायला लागला. मग दगडी कोळसा, चमच्या चमच्याने. हेझल काट्याकडे बघून आकडे सांगत होती, वीस, पस्तीस, पन्नास, आणि प्रत्येक आकड्याला तिचा आवाज वर चढत होता. तापलेल्या तेलाचा वास आला तसा ॲल्विन इंजिनाकडे वाकला. हा वास आपण विसरलो असं त्याला वाटलं होतं.

कुंपणापलीकडून खोकला ऐकू आला. शेजारचे कथबर्ट रेन. त्यांना एकच वेड होतं, सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनासाठी मनगटाएवढे जाड लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब दांड्याची भाजी, वाढवायचं. इंजिनाच्या काजळीवरून त्यांनी आजवर पुष्कळ कटकट केली होती.

"पेटवलं वाटतं," रेन म्हणाले.

"शेवटचंच आहे, मिस्टर रेन. लीकवर पोतं टाका हवं तर."

"पोतं कशाला? दोन वर्षं झाली, काजळी नाही आणि बक्षीसही नाही. या जमिनीला चटक लागलीय तिची. येऊ दे धूर इकडे."

ॲल्विन बाकड्यावर बसला. हेझल त्याच्या पुढ्यात, त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये. तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे नेऊन त्याने वाफेचा दांडा धरला. जरासा ओढला. इंजिन थुंकलं, शिंकलं, आणि मग तो जुना श्वास सुरू झाला. बाकडं हललं. वारा तोंडावर आला.

"चादर!" हेझल ओरडली, आणि दोघंही वाकले. ओली चादर ॲल्विनच्या मानेवरून घसरत गेली. तो मोठ्याने हसला. स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. ऑड्री तिथे नुसतीच उभी राहिली असावी.

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. वळणावर चाकं कुरकुरली की आपण कुठे आहोत हे त्याला नेमकं कळत होतं. पाण्याची रेघ थोडी उतरलीय असं हेझल म्हणाली, तेव्हा त्याने चाचपून तोटी बंद केली, घट्ट होईपर्यंत फिरवली, आणि तो निर्धास्त झाला. आणखी काही फेऱ्यांनंतर ती म्हणाली, "बाबा, आता रेघ दिसत नाही."

"मग नळी पूर्ण भरली असेल. भरलेली नळीही तशीच दिसते. पंप केव्हापासून चालू आहे."

"पण पंपाचं पाणी टाकीत पडतंय. धार दिसतेय मला."

"थेंब असतील."

"थेंब नाहीत, धार आहे."

"हेझल, तोटी मी माझ्या हाताने बंद केलीय."

"मग तोटी खोटं बोलतेय."

ॲल्विनचा आवाज चढला. "अगं, हे इंजिन मी बनवलंय!"

"तू बनवलंस. पण आत्ता बघतेय मी!"

आणि तिने त्याच्या हातासकट दांडा पुढे लोटला. वाफ बंद झाली. बाकडं रखडत थांबलं. आता हिला खडसावायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोवर ती त्याच्या गुडघ्यांतून निसटून खाली उतरली होती. त्याने खिळीचा किंचित आवाज ऐकला. पाठोपाठ जाळी कोसळली, आणि जळते निखारे खडखडत रुबार्बच्या ओल्या मातीत पडले. चर्र झालं.

"मी सांगितल्याशिवाय ओढायची नाही म्हणालो होतो!"

हेझलचा श्वास जोरात चालला होता. "हो."

ती तिथेच उभी राहिली. रडली नाही, पळून गेली नाही. जळलेल्या रुबार्बच्या पानांचा आंबूस वास सुटला.

ॲल्विन उठला. रुळाच्या कडेला हात घासत टाकीपर्यंत गेला आणि टाकीच्या तोंडात त्याने बोट घातलं. "जरा ढकल बघू इंजिन. हळू."

हेझलने ढकललं. चाकं फिरली, चाकांबरोबर पंप हलला, आणि त्याच्या बोटावर पाण्याची धार बसली. थेंब नव्हते. करंगळीएवढी जाड धार होती. मग त्याने तोटी फिरवून पाहिली. मूठ फिरत होती, पण नखाने चाचपल्यावर कळलं की आतला दांडा जागचा हलतच नव्हता. मूठ दांड्याला धरून ठेवणारी टाचणीएवढी पिन दोन वर्षांच्या गंजाने तुटली होती. म्हणजे एवढ्या फेऱ्या बॉयलरमध्ये थेंबभरही पाणी गेलं नव्हतं. नळी भरलेली नव्हती, खडखडीत कोरडी होती.

तो तिथेच मातीत बसला. भट्टीचं तांब्याचं छत पाण्याखाली असतं म्हणून टिकतं. वरचं पाणी गेलं की तांबं मऊ होतं, वाफ त्याला आत दाबते, आणि मग सगळी वाफ भट्टीच्या दारातून बाहेर. त्या दारासमोर, हातभर अंतरावर, कोण बसलं होतं? दोन वर्षं त्याने आपल्या बोटांवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. आज त्या बोटांनी त्याला फसवलं होतं आणि तो लेकीवर ओरडला होता.

"रागावलास?" हेझलने विचारलं.

"इकडे ये."

ती आली. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. काजळीने खरखरीत झालेला, घामेजलेला, कुठेही न भाजलेला चेहरा. कपाळ, भुवया, गाल. पुन्हा एकदा कपाळ.

"बाबा, तुझे हात घाण आहेत."

"असू देत. तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. तुझी. आगीची नाही."

त्याला यावर हसू आलं, आणि मग हसता हसता रडू फुटलं. ऑड्री धावत बाहेर आली, तेव्हा बापलेक चिखलात बसून एकमेकांचं तोंड पुसत होते, आणि दोघंही आधीपेक्षा जास्तच काळे झाले होते.

"मेलं का काय ते इंजिन?" ऑड्रीने विचारलं.

"नाही. आपण सगळे आहोत," ॲल्विन म्हणाला. तिला त्याचा अर्थ संध्याकाळी नीट कळला. तेव्हा ती बराच वेळ हेझलचे केस विंचरत बसली.

दुपारी नॉर्मन सोवरबी आला. जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस. चहा आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच हातात येईपर्यंत त्याला काही सांगायचं नाही असं ऑड्रीने ठरवलं होतं. पण जळकी रुबार्ब बघून त्याने ओळखलंच. इंजिन गार झालं होतं. त्याने छोटा आरसा आणि बॅटरी भट्टीत घातली आणि पोटावर पालथा पडून खूप वेळ बघत राहिला. ॲल्विन शेजारी उभा होता.

"छत सरळ आहे. कुठे फुगवटा नाही," नॉर्मन शेवटी म्हणाला. "दाब देऊन तपासावं लागेल, पण वाचलंय असं दिसतं. आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या असत्या तर मी पैज लावली नसती. आग कुणी पाडली?"

"मी," हेझल म्हणाली. "न विचारता."

नॉर्मन कण्हत उठून उभा राहिला. "आमच्या मंडळात पिकल्या केसांची माणसं आहेत, पण आग पाडायची वेळ आली की आधी चर्चा करतात. पोरी, तू कधीही ये आमच्याकडे." मग तो ॲल्विनकडे वळला. "बरं, फळ्या आणल्यात मी. इंजिन चढवायचं ना गाडीत?"

कुंपणापलीकडे रेन यांचं फावडं थांबलं.

"नॉर्मन," ॲल्विन म्हणाला, "तुला एवढ्या लांब फुकट आणलं. माफ कर. तोटीला नवी पिन घालायचीय. ती घालायला तुझे डोळे तासभर दिलेस तर फार उपकार होतील."

दोन वर्षांत त्याने कुणाकडे डोळे उसने मागितले असतील तर ते पहिल्यांदाच.

"तासभर कशाला," नॉर्मन म्हणाला, "रात्रीच्या जेवणापर्यंत घे. घरी सासूबाई आल्यात माझ्या."

पिन बसली. पुढच्या आठवड्यात दाबाची तपासणीही झाली, आणि बॉयलर कुठेही पाझरला नाही. घरात एक नवा कायदा झाला. हेझल 'थांब' म्हणाली की थांबायचं, वाद नंतर. हा कायदा तिने इतका मनावर घेतला की एकदा रुळावर आलेल्या गोगलगायीसाठी ॲल्विनला ती पलीकडे जाईपर्यंत वाफ राखून बसावं लागलं.

जुलैतल्या एका रविवारी ती अशीच त्याच्या पुढ्यात बसली होती. पाण्याची रेघ अर्ध्यावर होती, दाब ठीक होता, सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती गप्प होती. वळणाशी ॲल्विनने विचारलं, "आणखी काय दिसतंय?"

"पाणी बरोबर आहे."

"पाण्याचं नाही विचारत. बाकी काय दिसतंय?"

हेझल सांगायला लागली. मिस्टर रेन लीकला फूटपट्टी लावून बघतायत आणि कुणी बघत नाही असं त्यांना वाटतंय. आईने पिवळा झगा घातलाय, नवा नाही, बाही उसवलेला तोच, आणि ती दारात बसून वाटाणे सोलतेय, पण सोलत कमी आणि खातेय जास्त. वाफ चादरीत अडकते आणि चादर पोटुशी होते. आकाशात दोन ढग आहेत, एक मोठा आणि एक त्याच्यामागून धावणारा.

ॲल्विन ऐकत होता. त्याने दांडा थोडा पुढे लोटला. गाडी हळू झाली की तिला सांगायला जास्त वेळ मिळत होता.

"आणि?" तो म्हणाला.