ओल्या देवदाराची डबी

विहीणबाई देवदाराचा ओंडका घेऊन दुकानात आल्या आणि मी त्यांना बसा म्हणायच्या आधीच म्हणाले, "हे सहा महिन्यांनी आणा."

माझं तोंड असंच आहे. मी कातारीण. लेथवर लाकूड कातून पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, भोवरे, डब्या करते. तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी हे काम शिकवलं, आणि कामासोबत त्यांचा फटकळपणाही माझ्याकडे आला. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. त्या कमी बोलतात, पण बोलल्या की समोरच्याला गप्प करतात.

"सहा महिने कशाला?" त्यांनी विचारलं.

"काल कापलंय ते. हात लावा, पाणी लागतंय. आत्ता कातलं तर सुकता सुकता वाकडं होईल."

"होऊ दे. मी नाही झाले?"

मी ओंडका घेतला.

हा देवदार त्यांच्या अंगणातला, त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या वर्षी लावलेला. मुळाशी कुजून छपरावर झुकला, म्हणून कापावा लागला. बाकी सगळं झाड कापणाऱ्यांनी ट्रकमधून नेलं. एवढा एक तुकडा विहीणबाईंनी मागून घेतला आणि गाडीत मांडीवर धरून आणला. डिंकाने त्यांची बोटं चिकटत होती, तरी पुसायला दिलेलं फडकं त्यांनी तसंच बाजूला ठेवलं.

त्यांना डबी हवी होती, यजमानांचं मनगटी घड्याळ ठेवायला. जुनं, किल्लीचं घड्याळ. एकदा किल्ली दिली की जेमतेम दीड दिवस चालणारं. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत विहीणबाईंनी ते एकदाही बंद पडू दिलं नव्हतं. रोज सकाळी सहाला उठून किल्ली. अंगात ताप असला तरी, घरी आलेल्या पाहुण्यांनी रात्रभर जागवलं तरी. माझी लेक म्हणायची, "आई, आमच्या घरात गजर लावावा लागत नाही, सासूबाई आहेत."

खरं सांगते, ओलं लाकूड कातण्यासारखं सुख नाही. वाळकं लाकूड हत्याराशी भांडतं, धूळ उडवतं. ओलं मात्र मऊ निघतं. पटाशी टेकवली की लांबलचक ओल्या फिती सुटतात, खांद्यावर पडतात, तोंडावर बारीक पाणी उडतं. आणि देवदाराचा तो वास! दुकानच काय, शेजारच्या शिंप्याचे कपडेही दोन दिवस घमघमले. विहीणबाई स्टुलावर बसून बघत होत्या. साल गेली, पांढरट भाग गेला, आतला तांबूस गाभा उघडा पडला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आत असा होता होय."

आता माझी चूक सांगते. ओल्या डबीचं झाकण सैल ठेवायचं, हे मला झोपेतही माहीत आहे. लाकूड सुकताना एका बाजूने जास्त आवळतं, गोलाचं लांबट होतं, आणि घट्ट झाकण अडकून बसतं. पण माझ्या झाकणांचं नाव आहे. उघडताना 'फट्' असा आवाज येतो, गिऱ्हाईक दोनदा उघडून बघतं. विहीण समोर बसलेली, आणि मी तिला सैल झाकण देऊ? मी घट्ट बसवलं. फट् वाजवून दाखवलं. विहीणबाई चक्क हसल्या आणि मी दिवसभर ऐटीत वावरले.

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या. हातात डबी.

"उघडत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या जावयाने जोर लावला, तुमच्या लेकीने गरम कपडा लावला. काही नाही."

मी डबी कानाशी धरली. आत टिकटिक चालू होती.

"शेवटची किल्ली कधी दिली?"

"काल सकाळी सहाला."

म्हणजे आज संध्याकाळपर्यंत. दोष माझा होता आणि तो मी तिथेच कबूल केला. "मी मिरवायला गेले, विहीणबाई. झाकण सैलच ठेवायला हवं होतं."

"ते राहू दे. काढायचं कसं ते सांगा."

दोनच वाटा होत्या. करवतीने डबी कापली तर पाच मिनिटांत घड्याळ हातात, पण डबी गेली. दुसरी वाट अशी, की डबीच्याच झाडाच्या ओल्या फिती मी पिशवीत भरून ठेवल्या होत्या. त्यांत डबी पुरून ठेवायची. लाकूड पुन्हा पाणी पिईल, फुगेल, बरंचसं गोल होईल, आणि झाकण सुटेल. घड्याळाची पाठ पोलादी, काच पक्की, थोड्या दमटपणाने त्याला काही होणार नव्हतं. पण याला उद्या सकाळ उजाडली असती.

"आणि तोवर ते बंद पडेल," विहीणबाई म्हणाल्या.

"पडेल."

त्यांनी डबी माझ्या हातातून घेतली, कानाशी धरली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी करवत पुसत राहिले. करवत स्वच्छच होती.

"झाड एकदा कापलं, तेवढं पुरे," त्या शेवटी म्हणाल्या. "पुरा पिशवीत."

त्या दिवशी त्यांनी घरी जायला नकार दिला. मी सांगितलं, दुकानात बसून लाकूड लवकर फुगत नाही. ऐकतील तर शपथ. दुपारपर्यंत दर तासाला पिशवीला कान लावत होत्या. मग फितींमधून काही ऐकू येईना, तेव्हा कान लावणं सोडून त्यांनी माझं दुकान झाडायला घेतलं. तीस वर्षांत कुणी हात न लावलेले कोपरे त्यांनी झाडले. मी कटकट केली, त्यांनी ती ऐकलीही नाही.

संध्याकाळी माझ्या घरी आम्ही चहा घेऊन बसलो. मला वाटलं होतं, त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतील. पण बोलता बोलता जावयाचा विषय निघाला. लहानपणी तो देवदारावर चढला, उतरता येईना, आणि खाली वडील शिडी घेऊन आले तर म्हणतो कसा, मी अडकलो नाही, मी इथे राहायला आलोय. हसून हसून माझा चहा सांडला. विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तरी त्या हसतच होत्या.

सकाळी पिशवी उघडली. डबी गार, जड झाली होती. मी झाकण दोन बोटांत धरून हलकेच फिरवलं. फट् झालं नाही. मुकाट्याने सुटलं.

घड्याळ बंद होतं. सात वाजून दहा मिनिटं.

"काल संध्याकाळचे," विहीणबाई म्हणाल्या. मग काचेवरून बोट फिरवत, "तेव्हा आपण हसत होतो."

त्यांनी घड्याळ पदराने पुसलं, किल्ली दिली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावली. टिकटिक सुरू झाली. अगदी कालच्यासारखी.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकदा बंद पडलं की पुन्हा चालायचं नाही."

"घड्याळवाल्याने सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझं मीच ठरवलं होतं."

मी झाकणाची कड घासून चांगली सैल केली. आता नुसतं उचललं तरी निघतं, आवाज नाही, काही नाही. माझ्या नावाला न शोभणारं झाकण. विहीणबाईंनी दोनदा उघडून बघितलं आणि घड्याळ आत ठेवून डबी आपल्या पिशवीत टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी लेकीचा घाबराघुबरा फोन. "आई, नऊ वाजले, घड्याळ बंद पडलंय आणि सासूबाई अजून उठल्या नाहीत!"

"घोरतायत का?"

"हो. जोरात."

"मग झोपू दे त्यांना," मी म्हणाले आणि लेथ सुरू केला.