भिंतीतलं मोहोळ

चेरीचा मोहर गळून गेला त्या आठवड्यात मधमाश्यांचा एक थवा नेवेनाच्या घरावर उतरला. अंगणातल्या द्राक्षांच्या मांडवाभोवती जरा वेळ घोंगावला आणि मग वळचणीखालच्या बोटभर फटीतून सगळा भिंतीत शिरला. नेवेना पाण्याचा पाइप हातात धरून नुसती बघत राहिली. पाणी मारावं तर माश्या पिसाळतील, न मारावं तर इथंच ठाण मांडतील. हे मनात चाललं होतं तोवर त्या आत गेल्यासुद्धा.

दुसऱ्या कुणाकडे ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण तिच्या नवऱ्याला, क्रूमला, गेल्या वर्षी मानेवर एकच माशी चावली आणि घसा असा सुजला की अँब्युलन्स येऊन डॉक्टरनं इंजेक्शन देईपर्यंत तो निळा पडला होता. शिवाय ज्या भिंतीत माश्या शिरल्या ती नेमकी सासूच्या खोलीची, आणि सासू झ्लातिना अंथरुणाला खिळलेली.

नेवेनानं गावातल्या इल्कोकाकांना बोलावलं. त्यांच्या घरामागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. त्यांनी भिंतीला कान लावला, टकटक केलं आणि मान हलवली.

"फांदीवर असत्या तर टोपलीत घालून नेल्या असत्या, पोरी. आता भिंत फोडावी लागेल."

"मग फोडा ना, काका."

"हिच्यावर छपराची तुळई टेकलीय. कच्च्या विटा आहेत. मी हात घातला तर छप्पर म्हातारीच्या अंगावर यायचं. आधी गवंडी आण. आणि एक सांगून ठेवतो, ते भोक बुजवू नका. बाहेरची वाट बंद झाली की त्या आतून वाट काढतात."

गावातला गवंडी जर्मनीत लोकांची घरं बांधायला गेलेला. पालिकेत फोन केला तर तिथली बाई म्हणाली, मधमाश्यांचं काम आमच्याकडे येत नाही. अग्निशमनवाल्यानं विचारलं, "आग लागलीय का?" नाही म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला.

उन्हाळा चढला. क्रूम खिडक्या लावून घरात बसे आणि घामाघूम होऊन चिडे. "घर माझं, आणि मी कैदी! त्या बघ कशा मालकिणीसारख्या ये-जा करतात!" त्याचे टोमॅटो पाण्याविना वाळत होते. नेवेना पाणी घाली, पण त्याला तिचं पाणी घालणं पसंत पडत नसे.

एके दिवशी ती बाजारातून मिरच्यांचं पोतं घेऊन आली, तर क्रूम शिडीवरून उतरत होता. अंगात थंडीतला कोट, डोक्याला मफलर, हातात फटी बुजवायच्या फोमचा डबा.

"झालं काम!" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"अरे, काका काय म्हणाले होते?"

"काकांचं काय जातंय सांगायला? ते राहतात का इथं?"

नेवेनानं पोतं खाली ठेवलं. त्याच्या जागी ती असती तर तिनंही कदाचित हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूची हाक आली. नेवेनानं दार उघडलं. छतातल्या दिव्याच्या वायरीजवळून माश्या गळत होत्या, आणि खिडकीची काच त्यांनी भरून तपकिरी झाली होती.

"क्रूम, आत येऊ नकोस! दार लाव!"

"आई आहे आत!"

"म्हणूनच सांगते, लाव!"

तिनं म्हातारीला गोधडीसकट जमिनीवर घेतलं आणि दाराकडे ओढायला लागली. हातावर, मानेवर, केसांत माश्या चावत होत्या. म्हातारी रडत नव्हती, फक्त "अगं, अगं" म्हणत होती. दाराच्या काचेपलीकडे क्रूम दोन्ही तळवे टेकून उभा होता. त्या दोन बायकांकडे बघण्यापलीकडे त्याला काहीच करता येत नव्हतं.

त्याच दुपारी नेवेनानं त्याला प्लोव्दिव्ह शहरात त्याच्या बहिणीकडे धाडलं. मग डोक्यावर खिडकीचा पडदा पांघरून ती शिडीवर चढली आणि सुरीनं फोम कापून काढला. दुसरं काय करणार? थोड्या दिवसांत माश्यांची जुनी वाट सुरू झाली.

झ्लातिनाची खाट स्वयंपाकघरात आली. एक पापणी सुजून मिटलेली. मिरच्या भाजायच्या वासात ती रोज विचारी, "माझी खोली कधी देणार?"

"थंडी पडू दे, आई."

खरं म्हणजे इल्कोकाकांनी सांगितलं होतं की थंडीत माश्या जात नाहीत, नुसत्या गप्प बसतात. छपराला टेकू देऊन भिंत उघडणारा कुणी मिळाला तरच काही होईल. गवंड्याच्या बायकोला नेवेनानं दोनदा विचारलं. ती म्हणाली, नाताळला येईन म्हणतो, पण गेल्या वर्षीही असंच म्हणाला होता.

क्रूमचा रोज फोन यायचा. "गेल्या का गं?"

"आज कमी दिसतात," ती सांगायची.

"मग येऊ?"

"नको. थोडं थांब."

बहिणीच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा. मग दोघांपैकी कुणीतरी हवेबद्दल काही बोलायचं आणि फोन ठेवायचं.