साबणाच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या

विचानं नातवाचं शाळेचं दप्तर पाठीला लावलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, छप्पन्नाव्या वर्षी ही काय थेरं?"

"हात मोकळे राहतात," विचा म्हणाली आणि पहाटेच्या पहिल्या लाँचमध्ये जाऊन बसलीसुद्धा.

आदल्या दिवशी निन्फाचा फोन आला होता. मानाग्वात शिवणाच्या वर्गाला दोघी एका बाकावर बसत आणि हसण्यापायी दोघींना एकदमच बाहेर उभं करत. मग भूकंपानं शहर पाडलं, विचाला वडील बेटावर घेऊन आले, आणि बघता बघता पस्तीस वर्षं झाली. आता निन्फाला तिचा मुलगा कायमचा ग्वातेमालाला नेत होता.

"उद्या दुपारी बाराची बस. फोन तोडायला माणूस दारात उभाय, पत्ता ऐक. साबणाचा कारखाना होता ना, तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे, मग पन्नास वार मावळतीकडे. हिरवं दार. येशील ना गं, वेडे?"

लाँच बेटापासून सुटते न सुटते तोच एक लाट आत आली आणि विचाला न्हाऊ घालून गेली. समोरची दोन पोरं खो खो हसली. त्यांच्या पाठीवर भलीमोठी गाठोडी होती. मुलगी चिली देशाची, रायेन नावाची. मुलगा जर्मन, योस्त, माडासारखा उंच.

"मावशी, तुम्हीपण भटकायला निघालात?" रायेननं दप्तराकडे बोट दाखवलं.

"तर! जग बघायला. मानाग्वापर्यंतचं."

बोलता बोलता कळलं, पोरांचीही तीच बाराची बस. दोघं वाटेत एल साल्वादोरला उतरणार होती. "मग सरळ बसपाशीच भेटा की मैत्रिणीला," योस्त म्हणाला.

"बसपाशी काय होतं रे गोऱ्या? रडायला पाच मिनिटं पुरतात. हसायला दोन तास लागतात."

हे पोरांना इतकं पटलं की ती तिच्याबरोबरच निघाली.

काठावरून गाडी धरून मानाग्वात उतरले तेव्हा पावणेदहा झाले होते. विचा पुढे, पाठोपाठ दोन गाठोडी. "इथं बर्फाचा गोळेवाला. इथं माझ्या आत्याचा शिंपी. हा वळला रस्ता, की आला कारखाना!"

रस्ता वळला. समोर गुडघाभर गवत होतं आणि त्यात दोन गाई चरत होत्या.

योस्तनं नकाशा उलगडला. "इथं काहीच नाही असं लिहिलंय."

"नकाशा खरा आहे. तरी कारखाना इथंच." तिनं तळ्याकडे दोन गल्ल्या मोजल्या, पन्नास वार पावलं टाकली, आणि ती एका बागेच्या झोपाळ्यावर जाऊन आदळली. जवळ एक म्हातारा चांभार टाच ठोकत बसला होता.

"बाबा, साबणाच्या कारखान्यापासून..."

"कुठल्या? भूकंपात पडला तो, का त्यानंतर बांधला तो?"

विचाचं तोंड उघडंच राहिलं. "नंतरही बांधला होता?"

"तर! तोही आता नाही. पण त्याचं नसणं दुसरीकडे आहे."

रायेन हसता हसता गाठोड्यासकट उताणी पडली. तिला उठवायला गेलेला योस्तही पडला. विचाला मात्र क्षणभर रडू फुटलं. सव्वादहा होऊन गेले होते. तिकडे निन्फा दारात उभी असणार, आणि तिचे दोन तास इथं गाईंपुढे चालले होते.

"उठा रे!" ती ओरडली. "टॅक्सी!"

टॅक्सीत एक बाई कोंबडीसह आधीच बसली होती. ती म्हणाली, चिंच होती तिथून वर. ड्रायव्हर म्हणाला, कसली चिंच, ती तर माझ्या जन्माआधी गेली. दवाखाना होता तिथून खाली. शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. तीनदा वळले, दोनदा परतले. हिरवं दार सापडलं तेव्हा अकरा पस्तीस झाले होते आणि दाराला कुलूप होतं.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "सकाळी सातपासून उंबऱ्यात उभी होती बिचारी. आत्ताच गेली, शिव्या देत."

"मला?"

"छे! साबणाला."

बसपाशी पोचले तेव्हा इंजिन सुरू होतं. तिसऱ्या खिडकीत एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई बसली होती. विचानं ओळखलं नसतं, पण ती बाई नाक उडवत म्हणाली, "दप्तर घेऊन आलीस? गृहपाठ केलास का?" आणि दोघीही जागच्या जागी वाकल्या, पोट धरून.

पाच मिनिटं अशी गेली. पोरांनी गाठोडी चढवली. ड्रायव्हरनं दार धरलं. "बाई, चढा नाहीतर बाजूला व्हा."

विचानं झग्याच्या खिशात हात घातला. ओळखपत्र होतं. ग्वातेमालापर्यंतच्या सगळ्या सरहद्दींना तेवढं पुरत होतं.

"जागा आहे का रे?"

"आहे, पण बाई, परत कधी..."

ती चढलीसुद्धा. निन्फाच्या मुलाला तिनं उठवून मागे योस्तशेजारी पाठवलं. रायेननं आपला फोन पुढे केला, विचानं घरचा नंबर लावला.

"आई, कुठेयस? रात्री जेवायला येतेस ना?" लेक विचारत होती.

"येते. कुठल्या रात्री ते कळवीन."

पलीकडे लेक एकेक शब्द सावकाश जुळवत होती, पण विचानं फोन परत देऊन टाकला होता. निन्फानं तिचा दंड घट्ट धरला होता आणि शिवणाच्या बाईंची गोष्ट सुरू केली होती, ज्यांनी स्वतःचीच बाही मशीनमध्ये शिवून घेतली होती. शहर संपलं, डाव्या हाताला ऊस लागला, निन्फाचा मुलगा दोनदा "हळू!" म्हणाला, तरी त्या बाईंची अजून एकच बाही शिवून झाली होती.