ब गटातला मोठा क्लब

काळूरामच्या सलूनात दाढीला बसलेल्या माणसाला मान हलवायची बंदी असते, तोंड हलवायची नसते. त्यामुळे आवळीखारच्या फुटबॉल क्लबचं जे काही बरंवाईट ठरतं, ते बहुतेक त्या खुर्चीतच ठरतं. बाकीचा जिल्हा टेनिस बॉलच्या क्रिकेटनं येडा झालाय, पण खाडीकाठच्या या बारा गावांनी फुटबॉल सोडला नाही. सहा गावं अ गटात, सहा ब गटात. दरवर्षी ब मधला पहिला वर जातो आणि अ मधला शेवटचा खाली येतो. आवळीखार तीन वर्षांपूर्वी खाली आलं.

त्या शुक्रवारी सकाळी खुर्चीत हरेश्वर होता. क्लबचा अध्यक्ष, जुना कप्तान, वय एकसष्ट, दारात दोन ट्रेलर उभे. मागच्या बाकावर क्लबचा गोलकीपर प्रणय मोबाइलवर गुणतक्ता उघडून बसला होता. रविवारी शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, टेकाडवाडीच्या पंचशील संघाशी.

“पंचशील एकोणीस, आपण सतरा,” प्रणय म्हणाला. “जिंकलो तर वीस, म्हणजे वर. बरोबरी झाली तरी मेलो.”

“मेलो काय रं?” काळूरामनं वस्तरा हवेत धरला. “सात वेळा चॅम्पियन हाय आपला क्लब. मुंबईच्या गिरणीची टीम हितं येऊन हरून गेलीय. आपण ब गटात हाव, पण ब गटाचं न्हाय.”

“काका, तीन वर्षं एकाच वर्गात बसलेल्या पोराला कोन हुशार म्हनल?”

“अरं, हत्ती बसला तरी घोड्याएवढा असतो!”

“बसलेला हत्ती गोल न्हाय मारत.”

हा वाद आवळीखारमध्ये रोजचाच. जुन्या लोकांचं म्हणणं, क्लबचा मोठेपणा ढालींच्या कपाटात आहे. तरण्यांचं म्हणणं, कपाटाला पाय नसतात. खरं सांगायचं तर पोरं कंटेनर यार्डात कामाला लागली, बापांनी ट्रेलर घेतले, सरावाला कोण येईना, आणि क्लब उतरणीला लागला. त्यात गूढ काही नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आवळीखारचा पीळ म्हणजे हरेश्वर.

एरवी या वादात पहिला आवाज त्याचाच असायचा. आज तो गप्प होता, कारण ते दोन गुण कुठं कमी पडले हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डिसेंबरमध्ये पंचशीलशी पहिला सामना टेकाडवाडीला होता. या बारा गावांत जुनी रीत अशी की चॅम्पियन राहिलेल्या क्लबला बोलवायचं तर यजमानांची दोन माणसं नारळ घेऊन घरी येतात. लग्नाचं बोलावणं असतं तसं. पंचशीलकडून आला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज. हरेश्वर म्हणाला, “नारळ न्हाय, तर सामना न्हाय.” टीम गेली नाही आणि तीन गुण पंचशीलला फुकट मिळाले. टेकाडवाडीच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच नारळ-अंगारे मागं टाकले. त्यांच्याकडून हा माणूस नारळाची वाट बघत बसला! तेव्हा गावानंही त्याच्या म्हणण्याला माना डोलावल्या होत्या. आता क्लब वर गेल्याशिवाय अध्यक्षपद सोडायचं नाही, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. आपणच बुडवलं असं मागं कुणी म्हणू नये.

दाढी अर्धी झाली असताना प्रणयचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“पुनवेच्या उधाणानं बांधाला खांड पडली. मैदानात गुडघाभर खारं पानी हाय.”

“बुजवू खांड,” काळूराम म्हणाला.

“खांड बुजल, पानी कुठं जातंय रविवारपर्यंत? चिखल वाळायला आठ दिवस लागतील.”

नियम तिघांनाही पाठ होता. यजमानाचं मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना रद्द आणि दोघांना एकेक गुण. पंचशील वीस, आवळीखार अठरा. सुटका एकच होती, समोरच्या संघानं राजीखुशीनं आपलं मैदान द्यायचं. टेकाडवाडीचं मैदान उंचावर आहे, तिथं उधाण पोचत नाही. काळूराम आणि प्रणय आरशातून हरेश्वरकडे बघत राहिले.

“दाढी पुरी कर,” हरेश्वर म्हणाला. “जायचं तर मीच जायला पायजे.”

शाळा सुटायच्या वेळेला तो मोटारसायकलवरून टेकाडवाडीला पोचला. मैदानाच्या कडेला भिकू विळ्यानं गवत काढत होता. हरेश्वरच्याच वयाचा, जन्म मिठागरात गेलेला. त्याची मुलगी प्रज्ञा शाळेत शिक्षिका आणि पंचशीलची सचिव. ती नुकतीच शाळेतून आली होती, खांद्यावर पिशवी तशीच. तिनं हरेश्वरला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. मग उभ्यानंच ऐकून घेतलं.

“मैदान दिलं नाही तर आम्ही वर जातो,” ती म्हणाली. “बरोबर ना?”

“बरोबर.”

“न खेळता.”

“व्हय.”

“मग तुम्ही कशाच्या भरवशावर आलात, शेट?”

“भरवसा कसला? मागायला आलोय.”

प्रज्ञानं पिशवी खाली ठेवली. “डिसेंबरात आमची पोरं चार वाजता रांगेत उभी राहिली. समोर कोणी नाही. रेफरींनी अर्धा तास वाट बघितली आणि मग नियमाप्रमाणे आमच्या कप्तानाला रिकाम्या गोलात बॉल टाकायला लावला. तुमच्या अकरा जणांचा चहा-नाश्ता तयार होता. बाबांनी नवा सदरा घातला होता. मेसेजमध्ये आमचं काही चुकलं होतं का?”

हरेश्वर घटाघटा पाणी प्याला. “नारळ आला न्हाय, म्हनून मी टीम पाठवली न्हाय.”

“आमच्याकडे नारळ देत नाहीत, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.”

“मला बी ठाऊक व्हतं.”

हे तो कधी घरातसुद्धा बोलला नव्हता. बोलून गेला आणि त्याला लाज वाटली, नुसती वाटली नाही, कानापर्यंत पोचली. प्रज्ञा काहीतरी कडक बोलणार होती. पण भिकू विळा घेऊन जवळ आला आणि तिला म्हणाला, “पोरांना इचार.”

तिनं बाजूला जाऊन कप्तानाला फोन लावला. दोन मिनिटं झाली, चार झाली. भिकू पुन्हा गवत काढायला बसला. ती परत आली तेव्हा तिच्या तोंडावर थोडं हसू होतं.

“देतो म्हणतात. रिकाम्या गोलातलं त्यांना पुरे झालंय. रविवारी चार वाजता या. अकराच्या अकरा आणा.”

रविवारी अख्खं आवळीखार टेम्पोत भरून टेकाडवाडीला आलं. गावातल्या कित्येकांनी ते मैदान पहिल्यांदाच बघितलं आणि आपल्या मैदानापेक्षा ते चांगलं आहे हे कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. चहा पुन्हा तयार होता. पहिल्या अर्ध्यात आवळीखारनं गोल केला आणि काळूरामनं सात ढालींची सात वर्षं ओळीनं मोजून दाखवली. दुसऱ्या अर्ध्यात, शेवटची दहा मिनिटं उरली असताना पंचशीलच्या पोरानं डोक्यानं बॉल आत घातला. एक-एक. शेवटच्या कॉर्नरला प्रणय स्वतःचा गोल सोडून पुढं धावला, उंच उडाला, बॉल डोक्यावर घेतला. तो दांडीला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली आणि पंचशील वर गेलं.

आवळीखारची माणसं टेम्पोकडे निघाली. काळूराम रेफरीच्या नावानं खडे फोडत होता. “पेनल्टी व्हती ती! मोठ्या क्लबाला असं फसवतात.”

“रेफरीनं काय न्हाय केलं,” हरेश्वर सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. “आज पोरं झकास खेळली. आपन डिसेंबरात हरलो, नि मी हरवलं. त्यांच्यात नारळ देत न्हाईत हे ठाऊक असून मी नारळासाठी अडून बसलो.”

प्रणयनं हातमोजे काढले आणि टेम्पोत चढला. हरेश्वर मागं फिरला. अभिनंदन करायची रीत तरी त्याला पाळायची होती.

पंचशीलची पोरं गुलाल न उधळता नुसतीच नाचत होती. भिकू मात्र एकटाच मधल्या रेषेवर उभा होता.

“भिकू, अ गटात गेलास की रं,” हरेश्वर म्हणाला. “तोंड का उतरलंय?”

“तुमची दर फायनल मी बांधावरनं बघितलीय, शेट. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन. तवा आम्हांला कोन खेळवनार व्हतं?” भिकूनं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. “तवाच मनात बांधलं व्हतं, आमची टीम काढायची नि अ गटात जाऊन आवळीखारशी खेळायचं. चाळीस वर्षं लागली. आज पोचलो, तर वर तुम्हीच न्हाय.”